जुवैनीची निवड

अमीन मालूफ यांची ‘समरकंद’ (१९८८) ही कादंबरी मी प्रथम वाचली ती विद्यार्थीदशेत, इंग्रजी अनुवादातून. उमर खय्यामच्या स्वहस्ताक्षरातील रुबायांची एकमेव पोथी शोधण्यासाठी बेंजामिन लसाज हा अमेरिकन तरुण इराणात जातो, तिथल्या घटनात्मक क्रांतीच्या धामधुमीत सापडतो आणि अखेर ती पोथी घेऊन ‘टायटॅनिक’वर चढतो. पोथी बुडणार हे लेखकाने आरंभीच सांगून टाकले आहे. तरीही शेवटच्या पानांवर माझे डोळे पाणावले होते. परवा वर्गात शिकवायची म्हणून ती पुन्हा वाचली, तेव्हा डोळे कोरडेच राहिले. थबकलो ते भलत्याच ठिकाणी.

पोथी अर्थातच काल्पनिक आहे. समरकंदचा काझी अबू ताहिर खय्यामला एक कोरी वही देतो, इथून मालूफ तिची कथा रचतात. ‘टायटॅनिक’बरोबर खय्यामचे एक पुस्तक खरोखरच बुडाले, पण ते होते फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रुबायांची एक रत्नजडित प्रत. हजाराहून अधिक खडे, मुखपृष्ठावर तीन मोर; त्याच वर्षी लंडनच्या लिलावात ती ४०५ पौंडांना गेली होती. म्हणजे बुडाली ती बांधणी. मजकूर कुठल्याही दुकानात मिळत होता. मालूफ यांनी या वास्तवाची नेमकी उलटापालट केली आहे, आणि ती कल्पकता मला आजही मान्य आहे.

परंतु ‘मूळ पोथी’ या कल्पनेची भूल किती घातक असते, हे खय्यामच्या अभ्यासाच्या इतिहासाने पुरेसे दाखवले आहे. आर्थर आर्बेरी यांच्यासारख्या जाणत्या पंडिताने तेराव्या शतकातील मानल्या गेलेल्या दोन हस्तलिखितांच्या आधारे १९४९ आणि १९५२ मध्ये पुस्तके काढली. ती दोन्ही हस्तलिखिते पुढे आधुनिक बनावट ठरली. १९६७ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हज यांनी ओमर अली-शाह यांच्या सहकार्याने नवा अनुवाद केला, तो बाराव्या शतकातील एका घरंदाज पोथीचा हवाला देऊन. ती पोथी कधीच कोणाला दाखवली गेली नाही. आपल्याकडे माधव जूलियन यांनी हा मोह टाळला असे मला वाटते. फारसीवरून केलेल्या रुबाया (१९२९) आणि फिट्झजेराल्डवरून केलेली ‘द्राक्षकन्या’ (१९३१) ही त्यांनी वेगवेगळी पुस्तके ठेवली. खरा खय्याम हाच, असा दावा करण्यासाठी एकाला दुसऱ्यात मिसळले नाही.

मी थबकलो तो प्रसंग अलमूतचा. हसन सब्बाहने १०९० मध्ये घेतलेला हा निझारी इस्माइलींचा डोंगरी किल्ला १२५६ मध्ये मंगोलांच्या हाती पडला. हुलागूच्या पदरी असलेला इतिहासकार अता-मलिक जुवैनी याने तिथला प्रसिद्ध ग्रंथसंग्रह पाहण्याची परवानगी मागितली. चांगले ग्रंथ नष्ट होऊ नयेत, हा त्याचा हेतू त्यानेच नमूद केला आहे. त्याने कुराणाच्या प्रती बाजूला काढल्या, खगोलशास्त्राची उपकरणे काढली, मोलाची वाटली ती पुस्तके काढली. उरलेली, म्हणजे पाखंडाची, जाळली. त्या संग्रहात हसनचे एक चरित्र होते. ते जुवैनीने वाचले आणि आपल्या ‘तारीख-ए-जहानगुशा’त वापरले. मूळ चरित्र आज उपलब्ध नाही. हसनबद्दल आपण जे जाणतो त्यातले बरेचसे जुवैनीसारख्या विरोधकांच्या ग्रंथांतून आलेले आहे.

विद्यार्थी असताना हा माणूस मला खलनायक वाटला होता. आता तसे म्हणवत नाही. तो अडाणी सैनिक नव्हता. त्याला पुस्तकांची पारख होती, म्हणून तर निवड त्याच्याकडे आली.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात निर्लेखनाची समिती नेमली होती आणि तीत मी होतो. जागा कमी होती, वाळवी लागली होती, नवी पुस्तके खोक्यांत पडून होती. पंधरा वर्षांत कोणी घरी नेले नाही असे पुस्तक काढायचे, हा निकष मीच सुचवला. दोन दुपारी आम्ही कपाटांपुढे उभे राहिलो. मी ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रती वाचवल्या, विश्वकोशाचे खंड वाचवले, एका दिवाळी अंकाच्या फायलींसाठी भांडलोसुद्धा. फारसीच्या कपाटापाशी फार वेळ गेला नाही; तो विषय महाविद्यालयात केव्हाच बंद झाला होता आणि आमच्यापैकी कोणालाच ती लिपी वाचता येत नव्हती. रद्दीवाल्याने वजन करून पोती नेली.

यंदा ‘समरकंद’ शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्या ग्रंथालयात फारसीतले काही आहे का?” मी तिला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवले. निर्लेखनाच्या यादीची एक प्रत माझ्या फडताळात अजून आहे. त्या कपाटातल्या पुस्तकांची नावे मात्र तीत नाहीत. तिथे एकच ओळ आहे, ‘फारसी, जीर्ण, एकूण ४१’, आणि शेजारी माझी सही.