डब्यातला खुराक आणि घरचा हिशोब

खुराक हा शब्द आपल्याकडे जुना आहे. तालमीतल्या पैलवानाला दूध, बदाम, तूप, मटण लागते आणि ते गरिबाच्या घरचे काम नाही, हे सर्वांना ठाऊक होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. घाम मल्लाने गाळायचा आणि खुराकाचा भार आश्रयदात्याने उचलायचा, अशी ती रीत. आता तालमीची जिम झाली, खुराकाचा डबा झाला; पण भार उचलायला कुणी राजा नाही. तो आईच्या किराण्याच्या पैशावर पडतो आहे.

आमच्या वस्तीतली पोरे कुरिअरचे, हमालीचे, हाउसकीपिंगचे काम आटोपून रात्री आठला जिमला जातात. मला त्यांचे कौतुकच आहे. नाक्यावर उभे राहण्यापेक्षा वजन उचललेले शतपटीने बरे. परंतु हल्ली त्यांच्या तोंडी थाळ्यांपेक्षा डब्यांचीच नावे जास्त. दोन किलोचा प्रोटीनचा डबा पाच हजारांना, तोही हप्त्यावर. ज्या घरात महिन्याला पंधरा-सोळा हजार येतात, त्या घरातला हा डबा!

मी पडलो कारकून, त्यातून बी.कॉम. आकडा दिसला की खाली रेघ मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोरांना समोर बसवून हिशोब मांडला.

चीज करताना दूध फाडल्यावर जे पाणी उरते, ते गाळून वाळवून ही भुकटी तयार होते. म्हणजे दुधाचाच एक भाग; जादू नव्हे आणि विषही नव्हे. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने. दोन किलोत अशी पासष्ट-सहासष्ट मापे निघतात. एक माप पडले पंचाहत्तर रुपयांना. चार अंड्यांतही २४ ग्रॅमच प्रथिने, आमच्या बाजारात अठ्ठावीस रुपयांत. सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तर २५ ग्रॅम, सात-आठ रुपयांत. फुटाणे शंभर ग्रॅम, वीस ग्रॅम प्रथिने. आणि आपली सुकट, सुके बोंबील! वास येतो म्हणून पोरे नाक मुरडतात, पण त्यांच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात. (मीठ मात्र चांगले धुऊन काढावे.)

एक पोरगा म्हणाला, “काका, एवढ्याने बॉडी होत नाही.” प्रश्न रास्त होता. स्नायू वाढतो तो ओझ्याने. आज जेवढे उचलले त्यापेक्षा महिन्याने थोडे अधिक उचलायचे, मधे विश्रांती द्यायची, झोप काढायची. प्रथिने म्हणजे बांधकामाच्या विटा. गवंडीच आला नाही तर विटा पडून राहतात. किती विटा लागतात, तेही तपासलेले आहे. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांवरचे ४९ प्रयोग एकत्र करून २०१८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळाली की पुढे कितीही ओतली तरी स्नायूंना जादा फायदा दिसत नाही. आणखी एक आकडा मला फार बोलका वाटला. नुसत्या व्यायामाने उचलण्याची ताकद सरासरी २७ किलोंनी वाढली, त्यात जादा प्रथिनांनी भर घातली ती अडीच किलोंची.

साठ किलोच्या पोराला म्हणजे ९६ ग्रॅम हवेत. चार भाकरी, भात, डाळ-उसळ यांतून ४५-५० ग्रॅम येतात. चार अंडी आणि पन्नास ग्रॅम वड्या घातल्या की गणित पुरे होते, छत्तीस रुपयांत. ज्याला वेळ नाही आणि पैसा आहे, त्याने खुशाल डबा घ्यावा. पण डब्यात तरी लिहिलेले असतेच असे नाही. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांतल्या २५ डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खोटा निघाला.

क्रिएटिनविषयी मात्र मी पोरांच्या बाजूने बोलतो. हा पदार्थ आपले शरीर स्वतःही बनवते आणि मांस-मासळीतूनही मिळतो. जोर लावल्यावर पहिल्या काही सेकंदांत स्नायूला जी शक्ती लागते, ती तो पुन्हा भरून देतो. म्हणून एखाद-दुसरी खेप जास्त मारता येते. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतात, खर्च दहा-पंधरा रुपये. सुरुवातीला वजन वाढते ते पाण्याचे, तो स्नायू समजू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बाकी जिमच्या काउंटरवर दिसणाऱ्या रंगीत बाटल्यांत बहुधा कॉफीतलेच कॅफिन जास्त करून भरलेले असते.

खरी भीती मला वेगळीच आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका पोराला मध्यरात्री छातीत धडधड सुरू झाली म्हणून आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेले. काय घेतोस, असे डॉक्टर विचारत होते. पोर गप्प. शेवटी आईने पदराखालून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. मेफेन्टरमाईन. ऑपरेशनच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणायचे हे इंजेक्शन, आणि पोरे ते जोर यावा म्हणून टोचून घेतात! रक्तदाब भडकतो, सवय लागते, डोके फिरते. स्टेरॉइडची तऱ्हाही तीच. शरीर स्वतःचे पुरुष-संप्रेरक बनवणे कमी करते, बीजनिर्मिती मंदावते, हृदय निकामी होण्यापर्यंत मजल जाते. पोर वाचले. पण त्याला बाटली विकणारा अजून त्याच जिममध्ये शिकवतो आहे, आणि तक्रार द्यायला पोराचे घरचे तयार नाहीत. त्यांना बदनामीची भीती वाटते. मी दोनदा जाऊन बसलो, पुन्हा जाणार आहे.

त्याच घरात एक बहीण आहे, एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या शिबिरात तिचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. भावाच्या डब्याला पाच हजार निघत होते, तिच्या ताटात अंडे रविवारी. हे काही त्या एकाच घरचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायका रक्तक्षयी आढळल्या. प्रथिनांनी रक्तक्षय जात नाही, लोहाच्या गोळ्याच लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण घरातला पैसा कुणाच्या अंगी लागतो, ते यावरून कळते. वजन उचलण्याची गरज तर बायकांना अधिक. चाळिशीनंतर हाडे ठिसूळ होतात, स्नायू झिजतात, आणि त्यावर ओझ्याच्या व्यायामासारखा स्वस्त इलाज नाही. पाण्याचे हंडे उचलले म्हणजे व्यायाम झाला, असे म्हणणाऱ्या पुरुषांनी आठ दिवस हंडे उचलून पाहावेत.

विहाराच्या मागच्या शेडमध्ये आता सकाळी सहा ते सात फक्त मुली-बायका येतात. सध्या आठ मुली आणि तीन आया आहेत. आठवड्याला प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी, त्यात सात अंडी. ती बहीणही येते. गोळ्या चालू आहेत, म्हणून तिला अजून रिकामा बारच दिला आहे. वर्गणीची वही माझ्याकडे आहे, ज्यांना नाव घालायचे असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर भेटावे.