अक्काच्या रात्रपाळ्या

भालकीकडच्या आम्ही मुली घरात मराठी, सरकारी कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलत वाढतो. जीएनएमची तीन वर्षं संपवून मी बीदरला कॅज्युअल्टीत रुजू झाले, तो ऐन मृग. आमच्याकडे मृग म्हणजे पेरणी आणि पेरणी म्हणजे साप. पुढं तुरीवर फवारणी सुरू झाली की औषध प्यायलेले पेशंट.

अक्का तिथली जुनी स्टाफ नर्स, हुमनाबादची. तिचं मराठी तोडकं, माझं कन्नड पुस्तकी. सर्पदंशाचा पहिला पेशंट आला तेव्हा तिनं २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी उभी ठेवली आणि मला शेजारी उभं केलं. "२० मिनिटं. हलवायची नाही." रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं धरून चालायचं, डॉक्टरांना सांगायचं, प्रतिविषाच्या १० बाटल्या काढायच्या. त्या २० मिनिटांत नातेवाईक अंगावर येतात: नुसत्या बघत काय बसलाय? त्यांना अक्का सांभाळायची, ज्याला जी भाषा कळेल तिच्यात. रक्त गोठलं तरी मला हलू द्यायची नाही. मण्यार चावला असेल तर रक्त नीट गोठतं. पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. "पापण्या बघत राहा," एवढंच म्हणायची.

फवारणीच्या विषावर अ‍ॅट्रोपिन चालू असताना मी टॉर्च घेऊन बाहुल्या बघायची. तिनं छाती ऐकायला लावलं. घरघर थांबून छाती कोरडी झाली की डोस पोचला. पेशंट चादर चिवडत बरळू लागला तर जास्त झाला, सरांना उठव. (झोपलेल्या डॉक्टरांना उठवायला नव्या मुली विषापेक्षा जास्त भितात.)

हे शिकवणारं दुसरंही कुणी भेटलं असतं. तिचं खरं ऋण मला फार उशिरा कळलं. ड्यूटी लिस्ट लावायचं काम माझ्याकडे आलं आणि जुन्या याद्या चाळताना दिसलं, त्या पावसाळ्यात माझी रात्रपाळी असेल तिथं अक्काचंही नाव होतं. घरी शाळेतली पोरं असताना तिनं पाळ्या बदलून घेतल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, "मला दिवसाच झोप चांगली लागते." साफ खोटं!

अक्का आता निवृत्त आहे. ड्यूटी लिस्ट लावणाऱ्या इनचार्ज सिस्टरांना माझी एकच विनंती: नव्या मुलीला रात्रीच्या कॅज्युअल्टीत एकटी टाकू नका, निदान पहिला पावसाळा तरी.