पडद्यावरचा काळा रंग

लेक अंधारात अडखळायचा. आई फोनवर म्हणायची, गाजर दे. इथल्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. कडेला काळे फराटे, हाडाच्या बारीक काड्यांसारखे. रेटिनायटिस पिगमेंटोसा. हा रंगच नजर खातोय असं वाटतं, पण तो मागून येतो. आधी प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, मग मागच्या थरातल्या रंगपेशी सरकून रक्तवाहिन्यांभोवती साचतात. त्यामुळे लहानपणी आजार असूनही फराटे कधीकधी दिसत नाहीत.

"नात्यात लग्न?" डॉक्टरांनी विचारलं. मी आत्याच्याच घरी दिलेली. आमच्याकडे त्याचं केवढं कौतुक! दोष दोघांकडून आला असेल तर धाकटीलाही चारांत एक शक्यता. जनुकतपासणीला दोघांचं रक्त दिलंय. आरपीई६५ निघालं तर २०१७ पासून अमेरिकेत उपचार आहे, बाकी बहुतेकांना नाही. रिपोर्ट यायचाय. दिवेलागणीला धाकटी अंगणात खेळते, मी खिडकीतून हलत नाही.