बॅटरीवर चालणारा पायाळू

आपल्याकडे गुप्तधन शोधायचे म्हटले की आधी पायाळू माणूस हवा. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले मोहरांचे हंडे त्याला आरशासारखे स्वच्छ दिसतात, अशी जुनी समजूत. शिवाय त्या हंड्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग असतो, तो निराळाच! इंग्रजांनी ही यातायात केव्हाच संपवली आहे. त्यांनी चक्क बॅटरीवर चालणारा पायाळू हाताशी धरला. लांब दांडा, त्याच्या टोकाला थाळीएवढे कडे आणि कानांवर हेडफोन. कड्यातल्या तारेतून सतत बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. तिथे धातू असला की त्यात वीज खेळू लागते, यंत्राला तिची चाहूल लागते आणि कानात 'टूंऽ' होते. याचे नाव मेटल डिटेक्टर.

माझा भाचा इप्सविचला असतो. त्याच्या आग्रहाने गेल्या सप्टेंबरात पूर्व इंग्लंडातल्या सफोक परगण्यात काही दिवस काढण्याचा योग आला. समोर दिसणाऱ्या जमिनी बार्ली कापून मोकळ्या झालेल्या, आणि शनिवार-रविवारी त्यांत दांडे हलवत फिरणारी माणसे. मनात आले, इतकी वर्षे इतकी माणसे जमीन चाळताहेत, मग आता उरले तरी काय असेल? हा छंद अजून करण्याजोगा आहे का?

म्हणून भाच्याला घेऊन मुद्दाम हॉक्सनला गेलो. (या गावाच्या इंग्रजी अक्षरांचा आणि उच्चाराचा संबंध लावू पाहणाऱ्याची मराठी प्राध्यापकाने कीव करावी.) गाव चिमुकले. या गावाजवळ १६ नोव्हेंबर १९९२ रोजी पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा हरवला होता. तो शोधायला त्याने आपले मित्र एरिक लॉज यांना बोलावले. लॉज म्हणजे निवृत्त माळी. यंत्र त्यांना निवृत्तीची भेट म्हणून मिळालेले. यंत्र वाजले, आणि हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी निघू लागली!

इथेच लॉज मला मोठे वाटतात. दोन पिशव्या भरताच त्यांनी कुदळ थांबवली आणि जमिनीच्या मालकांना व पोलिसांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. वस्तू जशाच्या तशा जमिनीत राहिल्याने, एका लाकडी पेटीत लहान पेट्या कशा बसवल्या होत्या, कशाशेजारी काय ठेवले होते, हे सारे उलगडले. १४,८६५ रोमन नाणी, शिवाय भांडी आणि दागिने. ब्रिटनमधली रोमन सत्ता मावळत असताना, पाचव्या शतकाच्या आरंभी, कोणा श्रीमंत घराने हे पुरलेले. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते लॉज यांनी व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतले. तो हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

उलट उदाहरण हेरफर्डशायरचे. २०१५ साली लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी कोणालाही न कळवता माल विकायला काढला. नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज होता, हाती लागली जेमतेम ३०. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांचा नाण्यांपुरता तरी जोडीचा कारभार दिसतो. आणि या केओलवुल्फला जुन्या बखरीने मूर्ख म्हणून निकालात काढले होते! उरलेली नाणी काय सांगत होती, ते आता कोण सांगणार? २०१९ मध्ये दोघे तुरुंगात गेले, पण तुरुंगाने नाणी परत येत नाहीत.

आम्हा महाराष्ट्रीयांना हे दुसऱ्याचे दुखणे वाटू नये. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. बरीच क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या मुलखावर सातवाहनांचा अंमल बसला, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा कुठला? ती नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती तर? आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे: १० रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. तेव्हा हे वाचून कोणी यंत्र घेऊन किल्ल्यांवर धावू नये, ही हात जोडून विनंती!

इंग्लंडात शेतमालकाची परवानगी लागते, आणि संरक्षित स्थळी यंत्र नेण्याची बंदी आहे. १९९६ च्या कायद्याने सोन्याचांदीचा जुना ठेवा १४ दिवसांत कॉरोनरला कळवावा लागतो. मृत्यूची चौकशी करणाराच ठेव्याचीही करतो, ही खास इंग्रजी तऱ्हा. बाकी किरकोळ वस्तूंची नोंद १९९७ पासून स्वेच्छेने होते, आणि ती १५ लाखांच्या पुढे गेली आहे. त्यात बहुतेक साधी बक्कले, गुंड्या, झिजलेली नाणी. पण अशा क्षुद्र वस्तूंचे ठिपके नकाशावर पडत गेले की एखाद्या विसरलेल्या वस्तीची रूपरेषा उमटते.

भाच्याच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांच्याबरोबर एका दुपारी शेतात हिंडलो. गारगोट्यांनी भरलेली चिकट माती, वर ढगाळ आभाळ. तीन तासांत शीतपेयाच्या डब्यांची चार झाकणे, काडतुसाचे पितळी बूड, शिशाची एक गोळी. डोंगर पोखरून उंदीर! मी जरा चेष्टेने विचारले, "इतक्या वर्षांत सोने किती निघाले?" "एक अंगठी," म्हातारबुवा म्हणाले, "आणि ती शेजारणीची, गेल्या वर्षी हरवलेली."

मग पुन्हा यंत्र वाजले. ढेकळातून नखाएवढे हिरवट नाणे निघाले. पुसल्यावर कोणा रोमन सम्राटाचे नाक तेवढे ओळखू आले. बाजारात त्याला कुणी फार पैसे देणार नाही. बुवांनी ते लहान पाकिटात घातले, खिशातून वही काढली, शेताचा नंबर, कुंपणापासूनची पावले, खोली आणि तारीख लिहिली, आणि मला विचारले, "तुमच्या नावाचे स्पेलिंग सांगता? साक्षीदार म्हणून लिहितो."