मित्रास शत्रू म्हणू नये

कुंभकोणमजवळील नाचियारकोविल येथील मंदिरात गरुडाची पाषाणमूर्ती आहे. वर्षातून दोनदा ती उत्सवासाठी बाहेर निघते. प्रथम तिला चार भोई पुरतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस असे खांदे वाढवावे लागतात, आणि परतताना भार तसाच उतरत जातो, अशी तेथील श्रद्धा आहे.

हा दुपटीचा हिशेब मला एका किडीवरील मजकुराचे भाषांतर करताना आठवला. पपईवरील पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. २००८ साली तो कोइंबतूर येथे आढळला. मायदेशी त्याला आवरणारे शत्रू होते. येथे कोणीच नव्हते. पाहता पाहता पपई, तुती, टॅपिओका यांवर पांढरा थर चढला, आणि ही कीड पुण्याकडील बागांपर्यंत पोचली. अंगावरील मेणचट आवरणामुळे औषधाचा फवाराही तिला नीट लागेना.

२०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटकसंस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या इवल्याशा गांधीलमाश्या आणविल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये ही विशेष गुणकारी ठरली. तिची मादी ढेकणाच्या पिलात अंडे घालते. अळी त्याला आतून खाते आणि उरलेल्या टरफलातून नवी माशी बाहेर पडते. अशा रीतीने बागा सावरल्या.

भाषांतरकाराची कसोटी येथेच लागते. ऊ किंवा गोचीड यजमानाच्या जिवावर जगते, पण सहसा त्याचा जीव घेत नाही. ही माशी यजमानास मारूनच मोठी होते. तिला नुसते 'परजीवी' म्हटले, तर अर्थ अपुरा राहतो. शिवाय 'बागेत परजीवी गांधीलमाशी आढळली' असे छापले, तर बागाईतदार आधी पंप उचलील. मेणाआडचा ढेकूण वाचेल, उघडी माशी मरेल. आपल्या कृषिभाषेत 'मित्रकीटक' हा शब्द आहे. मी तोच पसंत केला. अर्थात याच गोतावळ्यातील सर्वच माश्या मित्र नव्हेत. निलगिरीच्या पानांवर गाठी आणणारी माशी उपद्रवीच आहे. म्हणून नाव देण्यापूर्वी काम पाहावे.

आपल्या परसातील पपईवर पांढरे पुंजके दिसले, तर भिंग घेऊन जवळून पाहा. त्यांत फुगलेली, तपकिरी, निर्जीव टरफले आढळली, तर फवारणीची घाई करू नका. मदत आधीच येऊन पोचली आहे.