गाइडची सही

सखे,

तुझं पत्र मिळालं. तिकडे तू बर्फ उपसतेस, इथे मी पंख्याखाली बसून घाम पुसतेय, आणि वर विचारतेस, "सध्या काय उद्योग?" तुला सांगते, मला विद्यापीठाच्या विशाखा समितीवर घेतलंय. कागदोपत्री ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची 'अंतर्गत तक्रार समिती', पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालापासून सगळ्यांच्या तोंडी विशाखाच.

परवा प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेतली. एक ज्येष्ठ सर उठून म्हणाले, "म्हणजे आता मुलींशी बोलायचंच नाही का?" आमच्या अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "बोला की सर, दार उघडं ठेवून बोला." असा हशा पिकला म्हणतेस! सर चहालासुद्धा थांबले नाहीत. तू असतीस तर शिट्टीच मारली असतीस.

आपल्या वेळी कुठली गं समिती? त्या प्रॅक्टिकलवाल्यांच्या केबिनमध्ये जोडीनंच जायचं, जर्नलवर सही घेऊन पळायचं आणि कँटीनमध्ये तू त्यांची नक्कल करायचीस. हसून हसून पोट दुखायचं, पण सही अडकवतील ही धास्ती काही जायची नाही.

ती धास्ती अजून आहे. मुली येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात आणि आधी विचारतात, "मॅडम, गाइड तेच राहणार का?" कोण, कुठली, ते तुलाही सांगणार नाही. गुप्ततेचा नियम आहे आणि तुझ्या पोटात काही राहत नाही! पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमावलीत या प्रश्नाला उत्तर आहे. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या माणसाला तक्रारदार मुलीचे पेपर तपासण्यापासून, कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं. तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही देता येते. कुलगुरू, विभागप्रमुख समितीवर बसूच शकत नाहीत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी मात्र बसतात. मुलगेही तक्रार करू शकतात. हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आमचा फलक लावलाय कुठे, तर पार्किंगच्या जिन्याखाली!

तक्रारीला मुदत तीन महिन्यांची. कारण पटलं तर आणखी तीन. मला विचारशील तर फारच तोकडी. मनाची तयारी होईतो सेमिस्टर उलटून जातं.

तुझी भाची यंदा इकडे पीएचडीला लागली ना? तिला फोन कर. समितीतल्या बाईंचा नंबर आत्ताच घेऊन ठेव म्हणावं, आणि कधी काही खटकलं तर मेसेज पुसू नकोस, तारीख लिहून ठेव. तूच सांग, माझं बोलणं तिला लेक्चर वाटतं.

तुझीच