पाठकोरी पानं

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी घरात वही होती ती तिचीच. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बावीस जण जेवायला यायचे. बहुतेक सातारा-कोकणातले, बायकामुलं गावाला, स्वतः गाळ्यात पथारी टाकून राहणारे. वहीत प्रत्येकाला एक पान. वर नावाऐवजी खूण काढलेली. कुणाची टोपी, कुणाचा चष्मा, एकाचा नुसता तुटका दात. खाली उभ्या रेघा. एक जेवण, एक रेघ. पगाराला पैसे चुकते झाले की आई ते पान टरकन फाडून त्याच माणसाच्या हातात द्यायची. पावती म्हणायची ती याला.

दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची. ती माणसं जेवून गेली की मोरीत ताटांचा ढीग. मला तेव्हा गोष्टी लिहायच्या होत्या. हे खूळ कुठून शिरलं कोण जाणे. मी ढिगाकडे बघत घुटमळले की आई म्हणायची, “जा, तू लिही. भांडी मी बघते.” गॅलरीतल्या दिव्याखाली बसून मी राखेचा खरखराट ऐकत एक ओळ लिहायची, दोन खोडायची. आवाज थांबला की लाज वाटायची. तिचं काम झालं, माझं अजून अडलेलंच.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा साचेवाले, तेही त्यात. आईने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. “संप मिटला की देतील, पळून कुठं जातायत?” संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. “मावशी, येतो” म्हणत एकेक जण गावी गेला. मागे वाण्याची उधारी राहिली आणि बँकेचे हप्ते. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली खाणावळवाल्यांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना सावकाराऐवजी बँकेचं दार दिसलं. पण जेवणारेच नाहीत तर हप्ता कुठून भरायचा? मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या. पोत काळ्या मण्यांची उरली.

आणि मला वेळ मिळाला.

हे मी कुठल्या मुलाखतीत सांगितलेलं नाही. मोरी कोरडी, रात्र मोकळी. बावीस ताटं फळीवर पालथी पडली तेव्हा माझी पहिली गोष्ट पुरी झाली. कागद आणायला पैसे नव्हते, म्हणून उधारीच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिली. मासिकात आली, पन्नास रुपयांची मनीऑर्डरही आली. आईने नोट उलटसुलट करून पाहिली.

“किती रात्री बसली होतीस?”

“वीसेक.”

“मग परवडत नाही,” ती म्हणाली आणि डबा घेऊन रॉकेलला गेली.

पुढे बाबांची छाती, भावाचं शिक्षण, माझी नोकरी. पुस्तकंही निघाली. नारायण सुर्व्यांच्या कविता मी वेड्यासारख्या वाचल्या होत्या. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंचं ‘मास्तरांची सावली’ हाती आलं. अर्ध्यात मिटून आईला फोन लावला. काय बोलावं सुचेना. ती म्हणाली, “जेवलीस का?”

तिच्या तेराव्याला एक म्हातारा दारात उभा राहिला. मी ओळखलं नाही. तोंडात दात एकही नव्हता. “तुटक्या दाताचा मी,” तोच म्हणाला. “मावशींचे राहिलेत.” एवढ्या वर्षांनी कसले पैसे, म्हणून मी हात मागे घेतला, त्याने नोटा फोटोपुढे ठेवल्या आणि बसून राहिला. चहा झाला. तरी उठेना. शेवटी चाचरत म्हणाला, “पान द्या की.”

वही माळ्यावर होती. त्याचं पान सापडलं. दात, खाली एकेचाळीस रेघा. उलटून पाहिलं तर निळ्या शाईत माझ्या गोष्टीची सुरुवात, दोन ओळी खोडलेल्या.

मी ते फाडलं. आईसारखं टरकन जमलं नाही.